गॉगल लावला होतास का?

ओम्या,

काल फोन मधेच ठेवलास. "न्यूट्रल झालं ना आई, विषय संपला" म्हणालास आणि वर हसलास, म्हणून लिहितेय, फोनवर आपलं भांडणच होतं. एका प्रश्नाचं उत्तर मात्र दिलंच नाहीस, गॉगल लावला होतास का? जाऊ दे, त्याच्यावर नाही बोलणार मी.

बोलायचंय ते सोड्याबद्दल. प्रॅक्टिकलला मनगटावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड उडालं, तुझ्या मित्रानं खायचा सोडा आणून चोळला, फसफसलं, सगळ्यांना मजा वाटली. का फसफसलं ते तुला येतं. सोड्यातल्या बायकार्बोनेटनं अ‍ॅसिडचा प्रोटॉन, म्हणजे एच प्लस, घेतला, कार्बोनिक अ‍ॅसिड झालं, ते मोडलं, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. पण प्रोटॉन घ्यायला सोडाच लागतो हे कुणी सांगितलं? नळाचं पाणी पण प्रोटॉन घेतं, म्हणजे बेसच आहे की! त्या बाटलीतला प्रोटॉन आधीच पाण्याच्या रेणूवर बसलेला असतो, हायड्रोनियम होऊन. सुटा एच प्लस पाण्यात असा मोकळा फिरत नसतो, तव्यावरच्या गरम भाकरीसारखा या हातातून त्या हातात चाललेला असतो. मोल म्हणजे रेणू मोजायचं माप, एक लिटर पाण्यात साधारण 55 मोल पाणी, त्याच्यापुढं तुझ्या थेंबातले प्रोटॉन ते किती? नळाखाली हात धरला की वाटले जातात आणि वाहून जातात. म्हणून आधी पाणी, 15-20 मिनिटं, कंटाळा आला तरी, पोरं हसली तरी.

आज खायचा सोडा होता म्हणून निभावलं. उद्या घाईत कुणी कॉस्टिक सोडा उचलला तर? त्याच्यातला हायड्रॉक्साइड, म्हणजे ओएच, प्रोटॉनला असा ओढतो की मोलमागं 57 किलोज्यूलच्या आसपास उष्णता निघते, ती तुझ्या कातडीवर, आणि उरलेलं कॉस्टिक परत कातडी खातंच. फसफसत पण नाही, कळणार कसं कुठं थांबायचं. आणि डोळ्यात गेलं तर कॉस्टिक अ‍ॅसिडपेक्षा आत मुरतं. आमच्या डाइंगच्या लाइनमधल्या एका काकांचा डोळा मी बघितलाय रे.

बघ, आलंच डोळ्यावर. सॉरी. लेक्चर नको म्हणाला होतास.

तुला आठवतं का, तू पहिलीत असशील, गड्ड्याच्या जत्रेला जायच्या आधी नव्या पांढऱ्या शर्टवर हळदीची भाजी सांडली, आजीनं साबण लावला आणि डाग लालभडक झाला, तू रक्त आलं म्हणून घर डोक्यावर घेतलंस. मी लिंबू पिळलं, परत पिवळा. मग हट्टच धरलास, परत लाल कर, परत पिवळा कर, जत्रेला उशीर झाला आणि आण्णा बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजवत बसले. साबणानं हळदीचा प्रोटॉन काढला, लिंबानं परत दिला, एवढंच होतं ते. आता तू हे तुझ्या जर्नलमध्ये बाणबिण काढून लिहितोस. ताईला मी तुझ्या जर्नलचा फोटो पाठवला होता, तुला नाही सांगितलं.

तू मागं म्हणाला होतास व्याख्या पाठ करून वैताग आला. अर्हेनियसच्या व्याख्येत बेस म्हणजे पाण्यात ओएच देणारा, मग अमोनियाचं काय, त्याच्याकडं कुठं ओएच आहे? 1923 ला ब्रॉन्स्टेडनं कोपनहेगनला आणि लौरीनं केंब्रिजला, दोघांनी वेगवेगळं, म्हटलं की प्रोटॉन देणारा अ‍ॅसिड, घेणारा बेस. मला तर हे डाइंगला लागल्यावरच नीट कळलं. आमच्या एमआयडीसीत टॉवेल रंगवताना सोडा अ‍ॅश, म्हणजे धुण्याचा सोडा, टाकतो, त्यातलं कार्बोनेट पाण्याचा प्रोटॉन ओढतं, मागं ओएच राहतं, रंगाच्या पाण्याचा पीएच अकराच्या आसपास जातो, मग सुताच्या ओएचमधला प्रोटॉन सुटतो आणि रंग तिथं पक्का बसतो. नंतर उरलेला अल्कली, म्हणजे सोड्याचा बेस, मारायला असेटिक, व्हिनेगरमधलं अ‍ॅसिड. हायड्रोक्लोरिक का नाही? ते सगळे प्रोटॉन एकदम सोडतं, जास्त झालं की सूत कुजतं. असेटिक धरून धरून सोडतं. पुस्तकात हे वीक अ‍ॅसिड म्हणून एका ओळीत उरकतात, आमच्याकडं त्या ओळीवर गाठीच्या गाठी माल वाचतो. तर पाठ करू नकोस, प्रत्येक रिअ‍ॅक्शनला फक्त विचार, दिला कुणी, घेतला कुणी, आणि घेणाऱ्याला तो किती हवा होता.

मनगटावर फोड आला असेल तर फोडू नकोस, डॉक्टरकडं जा, पैसे मी टाकते. आण्णांना काही बोलले नाहीये, त्यांचं बीपी तुला माहितीय. पण तू मला खरं सांगत जा. तू हुशार आहेस हे मला कुणी सांगायला नको, हुशार पोरांचंच जास्त टेन्शन येतं, त्यांना वाटतं आपल्याला काही होत नाही.

नंदूमामा रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतोय. शेंगा चटणी, कडक भाकरी आणि एक गॉगल पाठवतेय, नंबरच्या चष्म्यावरून बसतो, मी घालून बघितलाय, दिसायला बेंगरूळ आहे. कानाला टोचला तर सांग, बदलून घेऊ. चटणी सगळी रूमवर वाटून टाकू नकोस, आणि स्टीलचे डबे मामाबरोबर परत पाठव, मागचे पण तुझ्याकडंच आहेत.

आई