फायरबर्डचा ड्रायव्हर लिहून देणाऱ्या ताईंना उघड पत्र

ताई,

स. न. वि. वि.

आमच्या वाचनालयाचा जुना डेटाबेस फायरबर्ड २.५ या डेटाबेस प्रणालीवरचा, नवा कॅटलॉग पायथनच्या पीवी या ओआरएमवर, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातल्या दुभाष्यावर. या दोघांची गाठ तुम्ही घालून दिलीत. फोनवर दोन शब्द बोलून हे ऋण फिटण्यातलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

पीवीबरोबर एसक्यूलाइट, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस मिळतात. फायरबर्ड मिळत नाही. पण सोय आहे. पीवीतल्या डेटाबेसच्या मूळ क्लासचा सबक्लास, म्हणजे त्यावर बेतलेला आपला क्लास, करायचा, त्यात कनेक्शन उघडायची पद्धत लिहायची, पॅरामीटरचं चिन्ह, नावांची अवतरणं आणि फील्डचे प्रकार सांगायचे. एवढ्यावर कनेक्शन जुळतं, आणि काम झालं असं वाटतं. तुमच्या आधी पैसे घेऊन ज्यांनी हे काम केलं, ते इथेच थांबले होते.

पुस्तकांच्या लांब यादीची पानं पाडण्याचंच बघा. २.५ ला शेवटी लिमिट-ऑफसेट चालत नाही. ‘फर्स्ट १० स्किप २०’ (पहिल्या २० ओळी सोडून पुढच्या १०) असं सिलेक्ट या शब्दानंतर लगेच लिहितात. त्यांनी तयार क्वेरीच्या शेवटचा मजकूर उचलून सुरुवातीला नेला आणि व्हॅल्यूंची यादी होती तशीच ठेवली. क्वेरीत व्हॅल्यूंच्या जागी प्रश्नचिन्हं असतात आणि ती तर क्रमाने भरली जातात. ड्यूई वर्गीकरणात मराठी साहित्य ज्यात येतं तो ८९१ वर्ग मागितला की यादी व्हायची ८९१, १०, २०. म्हणजे ८९१ ओळी द्या, पहिल्या १० सोडा, वर्ग २० शोधा. एरर काही नाही, नुसतं कोरं पान. विचारलं तर उत्तर मिळालं की तुमच्या डेटातच पुस्तकं नाहीत, हा डेटाबेस फेकून द्या. ज्या वाचनालयाची कपाटं ८९१ ने भरलेली आहेत त्याला हे सांगितलं गेलं! तुम्ही जिथे सिलेक्ट हा शब्द लिहिला जातो तिथेच फर्स्ट-स्किप घातलंत. मजकूर आणि व्हॅल्यू एकाच क्रमाने बाहेर पडायला लागल्या.

पुस्तकाच्या दाखल क्रमांकाचंही तेच. आधी ‘सर्वांत मोठा अधिक एक’ असा हिशेब होता. दोन काउंटरवर एकदम नोंद झाली की दोघांना एकच क्रमांक. तुम्ही जनरेटर (क्रमांक देणारा मोजक) आणि ट्रिगर (नोंद होताना तो क्रमांक आपोआप घालणारा कोड) लावलेत आणि नवा क्रमांक इन्सर्टच्याच रिटर्निंगमधून, म्हणजे नोंद करणाऱ्या त्याच आदेशाच्या उत्तरातून घेतलात. नोंद झाल्यावर जनरेटरची चालू किंमत विचारणं सोपं होतं, पण जनरेटर ट्रान्झॅक्शनच्या (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या व्यवहाराच्या) बाहेर चालतो, मधल्या क्षणी दुसऱ्या काउंटरने तो पुढे ढकललेला असू शकतो. एका इन्सर्टच्या व्हॅल्यूजमध्ये अनेक ओळी फायरबर्ड घेत नाही, म्हणून घाऊक नोंदी एकेक करून पाठवल्यात. टेबलांची नावं मूळची अवतरणाशिवाय केलेली, म्हणजे आत सगळी कॅपिटल; पीवी प्रत्येक नाव अवतरणात घालते आणि मग ‘टेबल सापडत नाही’. तेही तुम्ही मार्गी लावलंत. नुसत्या वाचनानंतरही ट्रान्झॅक्शन बंद करायचं, नाहीतर जुन्या ओळींच्या आवृत्त्या साचत जातात आणि दिवसेंदिवस सगळं जड होतं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मराठी शीर्षकं का अडत होती, तेही तुमच्यामुळे कळलं. जुन्या कॉलमना कॅरेक्टर सेटच (अक्षरं कशी साठवायची याची पद्धत) नव्हता, त्यामुळे ६० ची जागा म्हणजे ६० बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘महाराष्ट्र’ एवढ्या एका शब्दाचे ३० होतात. कॉलम यूटीएफ-८ केल्यावर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) तयार होईना, कारण ४०९६ बाइटच्या पेजवर, म्हणजे डेटाबेस फाइलच्या एका तुकड्यावर, अशा कॉलमच्या इंडेक्सची मर्यादा २५३ अक्षरं आणि पीवीचं कॅरफील्ड, म्हणजे मजकुराचं फील्ड, न सांगता घेतं २५५. दोन अक्षरांसाठी सगळं अडलेलं! बॅकअप घेऊन ८१९२ च्या पेजवर रिस्टोअर करायला तुम्ही सांगितलंत, मर्यादा ५०९ झाली.

पण ताई, खरे आभार या कशाचे नाहीत. जिथे जिथे तुम्ही वळसा घातला आहे, तिथे कोडच्या वर एक ओळ लिहिली आहे, साध्या मराठीत. ‘हे फक्त २.५ पुरतं. ३.० वर आयडेंटिटी कॉलम (आपोआप क्रमांक घेणारा) मिळतो, तेव्हा ट्रिगरसकट काढा.’ ‘३.० ला ऑफसेट-फेच चालतं, मग हा भाग नको.’ ‘टेबल-कॉलमच्या नावाची मर्यादा ३१, ४.० पासून ६३.’ ही ओळ कुणी मागितली नव्हती. ती नसती तरी कॅटलॉग चालला असता आणि आम्हाला कळलंही नसतं. उद्या इथे बसणारा मुलगा किंवा मुलगी तुम्हाला कधी भेटणार नाही. तरी त्याला काय काढायचं आणि कधी, हे तुम्ही सांगून ठेवलंत. आधीच्या कामात एकही ओळ लिहिलेली नव्हती. प्रत्येक शंकेला त्यांनाच बोलवावं लागे आणि प्रत्येक फेरीचं बिल येई.

इंदुरातली मराठी वाचनालयं अशाच माणसांवर चालतात. कुणी संध्याकाळी येऊन बाइंडिंग उसवलेली पुस्तकं शिवतं, कुणी वर्गणीच्या पावत्या फाडतं, आणि त्यांचं नाव वार्षिक अहवालात असेलच असं नाही. तुमचं नाव इथेही लिहिलेलं नाही, कारण तशी तुमचीच अट आहे. मनाविरुद्ध पाळतो आहोत.

ग्वाल्हेर-बडोद्याकडच्या कुणा संस्थेचा असाच जुना फायरबर्ड अडून बसला असेल, तर तुमच्या परवानगीने हा सबक्लास आम्ही जसाच्या तसा देऊ, तुमच्या ओळींसकट. मानधन घेतलं नाहीत. निदान आजीव सभासदत्वाला नाही म्हणू नका. फॉर्म भरून ठेवला आहे, सही तेवढी हवी.

आपले कृतज्ञ,
वाचनालयाच्या कॅटलॉगचं काम पाहणारे कार्यकर्ते, इंदूर