रॅडबर्नचा खांदा

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील, तर त्या भेटीसाठी राखून ठेव. साखर आटोक्यात आहे, गुडघा कुरकुरतो.

लिहितो आहे ते चिरंजीवांमुळे. इथल्या मुलांच्या बेसबॉल संघात तो पिचर (चेंडू टाकणारा) आहे आणि कोपर दुखत असूनही, चेंडू हातातून जाईल या भीतीने, त्याने ते आमच्यापासून लपवले. हे ऐकून तुझ्याखेरीज कोण आठवणार?

आमच्या इथे, इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनच्या एव्हरग्रीन दफनभूमीत जुन्या काळचा बेसबॉल पिचर चार्ल्स रॅडबर्न याला पुरले आहे. हा खाटकाचा मुलगा १८८४ साली प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाकडून खेळत होता. जुलैत व्यवस्थापनाशी बिनसल्याने त्याला निलंबित केले होते. तेवढ्यात दुसरा पिचर चार्ली स्वीनी भर सामन्यातून तरातरा निघून गेला आणि त्याची हकालपट्टी झाली. संघ मोडण्याच्या बेतात असताना रॅडबर्नने सौदा केला: उरलेला हंगाम मी ओढतो, मात्र पगार वाढवा आणि हंगामानंतर मला करारातून मोकळे करा. मग जवळजवळ रोज तोच. वर्षअखेर ६७८ हून अधिक डाव चेंडूफेक, ४४१ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद, ५९ विजय (काही जण ६० मोजतात), आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सविरुद्धचे अजिंक्यपदाचे तिन्ही सामने लागोपाठ तीन दिवसांत त्यानेच जिंकून दिले. तेव्हा पिचर ५० फुटांवरून चेंडू टाकीत, आजच्यासारखे ६० फूट ६ इंचांवरून नव्हे, हे मान्य. पण सकाळी केस विंचरायलाही त्याचा हात वर जात नसे, असे सांगतात.

तू म्हणशील, बघ, ज्याला चेंडू हवा त्याला तो द्यावा! शाळेच्या अंतिम सामन्यात मी तुझ्याकडून चेंडू काढून घेतला, तेव्हाही तू हेच ओरडला होतास आणि पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलला नाहीस. पण बाबा रे, रॅडबर्न तीस वर्षांचा होऊ घातलेला गडी होता आणि त्याने आपल्या खांद्याची किंमत आधी ठरवून घेतली होती. आमचे कार्टे दुखणे फुकट सोसते आहे, आणि वर त्याला शौर्य म्हणते! पुढे शिकारीत रॅडबर्नचा एक डोळा गेला आणि १८९७ साली, अवघ्या ४२ व्या वर्षी, तो वारला. ते मात्र मी पोराला सांगितलेले नाही.

तुझ्या दुकानाचे काय झाले? वहिनींची बदली रद्द झाली का?

रविवारी पोराला फोन कर. माझे तो ऐकत नाही, तुझे ऐकेल. फक्त आपल्या अंतिम सामन्याचा विषय काढू नकोस, नाहीतर तो तुझ्याच बाजूला जाईल.

तुझा,
विनू