सागरी मार्ग सपाट नाही

महोदय,

थंडी पडू लागली की सायकलने गोव्याला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते, आणि ‘घाट नको, समुद्राकाठचा सपाट रस्ता धरा’ हा सल्ला दरवर्षी छापून येतो. आपल्या पुरवणीतही तो आला, म्हणून हे पत्र.

रेवस ते रेडी हा कोकण किनाऱ्याचा रस्ता नकाशावर समुद्राला चिकटलेला दिसतो. प्रत्यक्षात तो जांभ्याच्या सड्यांवरून, म्हणजे खडकाळ पठारांवरून, जातो. हे शंभर-दीडशे मीटर उंचीचे सडे खाड्यांनी जागोजागी चिरलेले आहेत. दाभोळला धक्क्यापर्यंत उतरायचे, फेरीबोटीने धोपाव्याला जायचे, पुन्हा सडा चढायचा, गुहागरला किनाऱ्यावर यायचे, वेळणेश्वर-हेदवीचे चढउतार करत तवसाळला परत पाण्याशी, आणि पलीकडे जयगडचा चढ. असे ६० किलोमीटर कापताना हजार मीटर चढाई सहज भरते. कुठलाही एक चढ मोठा नसतो, म्हणून त्यांचा हिशेब कोणी धरत नाही. दिवसाची आखणी किलोमीटरवर नको, त्या दिवशी किती खाड्या ओलांडायच्या यावर करावी. फेरीची शेवटची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. दाभोळची फेरी चुकली तर खेड-चिपळूणवरून गुहागर गाठायला शंभर किलोमीटरांहून मोठा वळसा पडतो.

आता गिअर. पुढचे सर्वांत लहान चक्र ३४ दातांचे, मागचे सर्वांत मोठे २८ दातांचे, अशी रेसर धाटणीची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे २.६ मीटर पुढे जाते. सामान लादून दहा टक्के चढावर हे गुडघ्यांना जड जाते. पुढे २८ आणि मागे ३४ असेल तर तेच अंतर १.८ मीटरवर येते. मग ताशी सहाच्या वेगाने का होईना, बसून चढता येते. निघण्याआधी दुकानात मागची कॅसेट (चक्रांचा संच) बदलून घेणे हा महागड्या जर्सीपेक्षा चांगला खर्च आहे. मात्र मोठे चक्र लावताना डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढे दात पेलतो का आणि साखळी पुरते का, हे आधी पाहावे.

सामान आठ-दहा किलोंच्या वर नको. सगळे मागच्या कॅरिअरवर बांधले की मागच्या चाकाचे स्पोक तुटतात, बहुधा गिअरच्या बाजूचे. तिथला स्पोक घालायला कॅसेट काढावी लागते आणि तिचा पाना गावातल्या दुकानात नसतो. तो पाना आणि दोन्ही बाजूंच्या मापाचे दोन-दोन स्पोक (मापे वेगळी असतात) फ्रेमला चिकटपट्टीने बांधून न्यावेत. स्पोक तुटला तर तुटका तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळावा, रिमब्रेक (चाकाच्या रिमवर रबर दाबणारा ब्रेक) असेल तर चाक घासू नये इतका सैल करावा आणि सावकाश पुढचे गाव गाठावे. डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, आपल्याच मॉडेलचा जादा ठेवावा. टेम्पोत सायकल गिअरच्या बाजूवर आडवी ठेवली की तो वाकतो, मग सर्वांत हलका गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये अडकतो.

गावात मिळणारा २८ इंची टायर रेसर धाटणीच्या सायकलीच्या ७०० मापाच्या रिमवर बसत नाही. रिमच्या व्यासात १३ मिलिमीटरचा फरक आहे. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पंक्चरवाल्याच्या हवेचा नोझल लागत नाही. छोटेसे पितळी अडॅप्टर खिशात असले की काम भागते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके दिसली तर काटा शोधत बसू नये. हवा कमी होती आणि चाक खड्ड्याच्या कडेवर आपटले, एवढाच त्याचा अर्थ.

खाडीकडे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, थोडा वेळ दाबावेत, थोडा वेळ सोडावेत. रोज संध्याकाळी रिमब्रेकच्या रबरात रुतलेली खडी आणि ॲल्युमिनियमचे कण सुईने काढावेत, नाहीतर चारच दिवसांत रिमला चरे पडतात. धक्क्याच्या उतरणीवर भरतीच्या रेषेखाली शेवाळ असते. तिथे उतरून चालावे. खारे पाणी उडाले असेल तर साखळी गोड्या पाण्याने पुसून तेल द्यावे. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि सोबत मीठ हवेच. मीठ घातलेले कोकम सरबत त्यासाठी उत्तम. सुरमईची थाळी मात्र मुक्कामाला पोचल्यावरच!

एवढे करूनही जे सायकलस्वाराच्या हातात नाही, ते रस्त्याच्या कडेला आहे. डांबराचे थर चढत जातात, साइडपट्टी मात्र पावसाने धुपून वीतभर खाली राहते. मागून डंपर आला की सायकल खाली उतरते आणि परत वर घेताना पुढचे चाक डांबराच्या कडेला घासत जाऊन माणूस रस्त्याच्या बाजूलाच पडतो. सार्वजनिक बांधकाम विभागाने पावसाळा संपताच साइडपट्ट्या मुरूम टाकून दाबून घ्याव्यात आणि वळणांवरचे रम्बलर (वेग कमी करायला लावणारे उंच पट्टे) कडेपर्यंत न ओढता डाव्या बाजूला मीटरभर जागा सोडावी. खाड्यांवर नवे पूल होत आहेत, त्यांच्या सांध्यांमधली फट सायकलच्या ३२ मिलिमीटर टायरला गिळणार नाही, हेही आत्ताच पाहिलेले बरे.

– सायकलस्वार वाचक, रत्नागिरी