अधिवेशन आटोपलं, हिशेब कोण देणार?

मा. संपादक,

मध्य प्रदेश विधानसभेचं अर्थसंकल्पी अधिवेशन २०२४ मध्ये १ ते १९ जुलै असं ठरलं होतं. ५ जुलैलाच ते गुंडाळलं. अर्थसंकल्पासकट! उरलेल्या दिवसांत मांडले जायचे ते प्रश्न बुडाले ते बुडालेच.

इंदूर जिल्ह्याचे ९ आमदार आहेत. मतं मागताना रामबागेतली गल्लीबोळं पाठ असतात. गणपतीच्या मंडपात हार घ्यायलाही वेळ मिळतो. मग अधिवेशनाआधी एखादी संध्याकाळ प्रभागात बसून लोकांचे प्रश्न लिहून घ्यायला काय हरकत आहे? परतल्यावर विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावावीत. आमदारामार्फत सभागृहात याचिकाही देता येते. तिचा नमुना तिथेच ठेवावा.

— एक मतदार, इंदूर