डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, बाबा

तीर्थरूप बाबा व सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल आई फोनवर म्हणाली की मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली. आणि लगेच हळूच, "ह्यांनी ती लघवीची कॅप्सूल बंद केलीय. म्हणतात, आधी डोळ्याचं होऊ दे." मी पुढे काही विचारणार तोवर बाबा, तुम्ही फोन घेतलात आणि पुण्यात थंडी किती पडलीय याची चौकशी सुरू केलीत. म्हणून हे पत्र. पत्रात विषय बदलता येत नाही.

मुलीने बापाला या विषयावर लिहावं हे तुम्हाला अवघड वाटणार, मला ठाऊक आहे. पण माझी नोकरीच औषधांच्या काउंटरवरची. तुमच्या वयाचे निम्मे काका हीच कॅप्सूल घेऊन जातात आणि चारचौघांत नाव उच्चारायला लाजतात.

तर मुद्दा असा. तुमच्या पाकिटावर दोन नावं आहेत, टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड. त्यातल्या टॅम्सुलोसिनचा डोळ्यांच्या ऑपरेशनशी थेट संबंध आहे. हे औषध प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांत मूत्राशयाखाली असलेली ग्रंथी, तिच्यातले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतं. तसेच स्नायू डोळ्यातल्या रंगीत पडद्यातही असतात, त्यांच्यावरही त्याचा परिणाम होतो. मोतीबिंदू काढताना बाहुली मोठी राहावी लागते. या औषधामुळे बऱ्याचदा ती थेंब घालूनही नीट मोठी होत नाही, झाली तरी मध्येच आकसते, आणि तो पडदा लुळा पडून सर्जनच्या हत्यारांच्या आड येतो. २००५ साली अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी हे पहिल्यांदा लिहून ठेवलं, आता सगळ्या डोळ्यांच्या सर्जनना माहीत असतं. आधी कळलं तर ते तयारीनिशी बसतात. बाहुली उघडी धरून ठेवणारी बारीक रिंग असते, हुक असतात, आत सोडायची औषधं असतात, आणि ऑपरेशन सहसा व्यवस्थित पार पडतं. अडचण होते ती पेशंटने सांगितलंच नाही तर. डायबेटीसची गोळी सांगतात, बीपीची सांगतात, आणि ही "त्याचा डोळ्याशी काय संबंध" म्हणून राहून जाते.

बंद करून ही भानगड टळत नाही, हे मला सगळ्यात ठळक लिहायचं आहे. औषध सोडून बरेच दिवस, अगदी वर्षं झालेल्या माणसांतही डोळ्यावरचा तो परिणाम दिसलेला आहे. म्हणजे बंद करून डोळ्याची खात्री नाहीच, वर लघवी तुंबण्याची भीती. तेव्हा मनाने बंद नको आणि आता मनाने सुरूही नको. काही दिवस खंड पडला असेल तर पुन्हा घेताना चक्कर येऊ शकते. लघवीच्या डॉक्टरांना फोन करून "इतके दिवस घेतली नाही, आता कशी सुरू करू" एवढं विचारा.

तुम्ही सगळी नोकरी नर्मदेच्या पाण्याच्या लायनीवर काढलीत, जलूदहून इंदूरपर्यंत प्रेशर कुठे पडतं ते तुम्हाला तोंडपाठ. मग हे तुम्हालाच जास्त पटेल: टॅम्सुलोसिन म्हणजे आवळलेला व्हॉल्व्ह सैल करणं. काही दिवसांतच धार सुधारते. ड्युटास्टेराइड म्हणजे लायनीवर बाहेरून दाब देणारी वाढलेली प्रोस्टेटच हळूहळू लहान करणं, त्याला सहा महिने लागतात. तुम्ही "महिनाभर घेतली, काही विशेष नाही" म्हणालात ते यामुळे. आणि प्रोस्टेटची ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. फक्त ड्युटास्टेराइडने रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायला बघतात तो आकडा, सुमारे निम्म्यावर येतं, म्हणून पुढे ती तपासणी कराल तेव्हा हे औषध चालू असल्याचं लॅबच्या चिठ्ठीवर लिहा आणि डॉक्टरांनाही सांगा. नाहीतर कमी आकडा बघून सगळेच निर्धास्त.

आई, हे तुला. वहिनीला दिवस गेलेत, तर ही पाकिटं तिने हाताळायची नाहीत. फुटलेली किंवा गळणारी कॅप्सूल तर अजिबात नाही, ड्युटास्टेराइड कातडीतून आत जातं आणि पोटातल्या मुलग्याला बाधू शकतं. डॉक्टरांनी पुन्हा सुरू करायला सांगितली की बाबांनी कॅप्सूल रोज ठरलेल्या एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने, अख्खी गिळायची, उघडून पाण्यात टाकायची नाही. रात्री बाबा उठले की आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. पॅसेजचा दिवा लावलेला असू दे, विजेचं बिल मी भरीन.

सर्दी झाली म्हणून राजवाड्याजवळच्या मेडिकलमधून "काहीतरी द्या" करून गोळी आणायची नाही. नाक मोकळं करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या त्या गोळ्यांनी लघवी अडू शकते. पूर्ण अडली, पोट फुगून दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही, तशीच रिक्षा करून दवाखाना. लघवीत रक्त किंवा थंडी वाजून ताप आला तरी तेच.

या औषधांचा आणखी एक परिणाम आहे, तो मी लिहिणार नाही. बाबा, डॉक्टरांना एकटे असताना विचारा. घाबरण्यासारखा नाही.

मागच्या वेळी डॉक्टरांकडच्या, लघवीच्या त्रासाच्या त्या सात प्रश्नांच्या कागदावर तुम्ही सगळीकडे शून्य आणि एक लिहून आलात, आणि आई शेजारी बसून खरे आकडे सांगत होती. तो कागद डॉक्टर औषध ठरवायला वापरतात, बाबा, परीक्षेचा पेपर नाही तो. गेल्या हिवाळ्यात तुम्ही सराफ्यात तळलेले गराडू खायला गेला नाहीत, का ते मी विचारलं नाही. आणि सानंद संस्थेच्या नाटकाला आई शेजारच्या काकूंबरोबर जाते आहे, हेही मला कळलं. औषध नीट चालू असलं तर अडीच तासांचं नाटक बसून बघता येईल इतपत फरक पडतो, आणि पडला नाही तर डॉक्टरांकडे पुढचे उपाय आहेत.

रविवारी फोन करते. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांच्या फाइलवर टॅम्सुलोसिन लिहिलंय का, ते आई मला वाचून दाखवेल. बाबांनी आतून "हो हो, लिहिलंय" म्हटलेलं धरलं जाणार नाही.

तुमची,
चिमी