सोळा आणे म्हणजे पूर्ण रुपया

ती. आजी,
सा. न. वि. वि.

रविवारी स्पीकरवर तू बाबांना म्हणालीस ना, "सोळा आणे खरं आहे", ते लेकीने ऐकलं आणि तेव्हापासून माझ्या मागे लागलीये की सोळाच का, दहा का नाही. इथे लंडनमध्ये तिने आणा कधी बघितलाच नाही गं, म्हणून बसून सगळं समजावलं.

रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, म्हणजे रुपयाचे 64 पैसे, आणि त्याखाली पै, एका आण्यात 12. सोळाची मजा अशी की अर्धा केला तर आठ, पाव केला तर चार, मग दोन, मग एक, कुठेच अपूर्णांक येत नाही, बाजारात तोंडी हिशोब करणाऱ्याला किती सोपं! म्हणून सोळा आणे म्हणजे अख्खा रुपया, कणभर कमी नाही, आणि बोलणंही तसंच खरं.

मला सगळ्यात आवडतं ते हे की हा हिशोब नाण्यापुरता राहिलाच नाही. शेतात सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, आणि सरकार पिकाचा अंदाज काढायचं ती आणेवारी. आता तिला पैसेवारी म्हणतात, 50 पैशांच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू. म्हणजे रुपया हे पूर्णाचं मापच झालं होतं आपल्याकडे.

मग 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नवे पैसे झाले. चार आण्याचे 25, आठ आण्याचे 50, इथपर्यंत ठीक, पण दोन आण्याचे साडेबारा आणि एका आण्याचे सव्वासहा! सव्वासहा पैसे सुटे कोण देणार? तरी लोकांनी चार आणे, आठ आणे म्हणणं सोडलं नाही, 2011 मध्ये पंचवीस पैसे बंद झाले तोपर्यंत ते चार आणेच होते, आणि तुझ्या तोंडी तर अजून आहेत. हे शब्द तुझ्याबरोबरच थांबावेत असं मला अजिबात वाटत नाही, खरंच.

म्हणून एक काम कर. नवे पैसे आले तेव्हा गिरगावात भाजीवाल्याशी, वाण्याशी हिशोब कसा व्हायचा, पावलीला (चार आणे) नि चवलीला (दोन आणे) काय काय यायचं, ते तुझ्या आवाजात सांग, दादा रेकॉर्ड करून व्हॉट्सॅपवर टाकेल. लांबलं तरी चालेल. आणि जमलं तर त्याच्याबरोबर फोर्टात रिझर्व बँकेच्या नाण्यांच्या म्युझियममध्ये जाऊन ये, गुडघा बरा असेल तरच हं, टॅक्सीनेच जा.

तुझा,
बाळू