वाम नव्हे, बंडू

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

मी पाठवलेला माशाचा फोटो पाहिलास आणि फोनवर एका शब्दात "वाम" म्हणून मोकळा झालास. तुझ्या दारात खाडी आणि माझ्या दारात रिक्षा स्टँड, तेव्हा तुझं म्हणणं खोडायला जरा धीर करावा लागतोय. पण ती वाम नाही. कशावरून, हे फोनवर सांगत बसलो असतो तर तू मधेच जेवायला उठला असतास. म्हणून पत्र.

मासा कुठला ते आधी सांगतो. आम्ही सगळे कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. ते देऊळ भरतीत पाण्याखाली जातं आणि ओहोटीला मोकळं होतं, त्यामुळे घरून निघताना पंचांगाबरोबर पाण्याची वेळही बघावी लागते. मही तिथेच खंबातच्या आखाताला मिळते. तुमच्याकडे उधाणालासुद्धा पाणी अडीच-तीन मीटर चढतं-उतरतं. या आखातात भावनगरच्या बाजूला तोच फरक दहा मीटरच्या पुढे जातो. त्यात मही, साबरमती, नर्मदा, तापी अशा चौघींचा गाळ. पाणी बारा महिने गढूळ, आणि ओहोटीला नजर पोचेल तिथवर चिखल. त्यावर लेवटे, म्हणजे आपल्या निवट्या, टणाटण उड्या मारत असतात.

खुंटांना बांधलेल्या जाळ्यातला माल एक जण निवडत बसला होता. कोळंबी एकीकडे, लेवटे दुसरीकडे, उरलेलं चिखलात. त्या उरलेल्यात हा पडला होता. मधल्या बोटाहून जरा लांब, अंगाने चपटा, गुलाबी-लाल, आणि डोळे इतके बारीक की नाहीतच असं वाटावं. नाव विचारलं तर म्हणाला, "ए तो कचरो छे." विकला जात नाही त्याला नाव कशाला, हा त्याचा हिशोब, आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे. मी तो बर्फाच्या डब्यात घातला. मेव्हणा वाटेत तळून बघायच्या गोष्टी करत होता, त्याला विषारी केंड माशाची आठवण दिली. केंडाचं विष शिजवूनही जात नाही, तेव्हा ओळख पटेपर्यंत कुठलाही मासा तव्यावर नको. घरी आईने डबा फ्रीजमध्ये येऊ दिला नाही, हे सांगायला नकोच. गॅलरीत बसलो.

आता मुद्दा. तुझी आणि फोनमधल्या, फोटोवरून मासा ओळखणाऱ्या त्या ओळखपट्टू ॲपची गत एकच. दोघांनी लांबट अंग पाहिलं आणि वाम म्हणालात. चिखलात बीळ करून राहायचं तर अंग लांबट हवंच, मग मासा कुठल्याही गोताचा असो. रंगावर तर मुळीच जाऊ नये. स्पिरिटमध्ये ठेवलास की लाल रंग उडतो, आणि मग त्याच माशाला तू दुसरं नाव देशील.

मासा पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात ठेवावा. कोरड्यावर पर अंगाला चिकटतात, पाण्यात आपोआप उघडतात. मग उलटा करावा. वामेला पोटाखाली परांची जोडी नसतेच. याला होती, आणि ते दोन्ही पर एकमेकांना जोडून त्यांचा एक छोटा पेला झाला होता. इथेच वाम बाद. हा गोबींच्या गोतातला, म्हणजे तुमच्या निवटीचा भाऊबंद. उद्या बाजारात निवटी दिसली की पालथी करून बघ, तोच पेला दिसेल.

पण एवढ्याने भागत नाही, कारण चिखलातल्या लांबट, लालसर, बारीक डोळ्यांच्या गोबी एकाहून जास्त आहेत. पाठीवरचा पर, शेपूट आणि पोटामागचा खालचा पर एकच झालेला, असं त्या सगळ्यांचंच असतं. त्यातला टेनिऑइडीस नावाचा गट असेल तर हनुवटीखाली आखूड मिशा असतात आणि अंगावर खवले नसतात. माझ्याकडच्याला मिशा नव्हत्या, आणि सुईचं टोक शेपटीकडून डोक्याकडे फिरवलं तर बारीक खवले लागत होते. मग उरले ओडोंटॅम्ब्लायोपस आणि ट्रायपॉचेन हे दोन गट. इथे मी भिंग घेऊन डोक्याच्या बाजूला वळलो, आणि खरी मजा तिथेच आहे. कल्ल्यावरच्या झाकणाच्या वर, दोन्ही बाजूंना, शर्टाच्या खिशासारखा एकेक खिसा! सुई आत जाते आणि अडते, कल्ल्यांच्या पोकळीत उतरत नाही. हे खिसे ओडोंटॅम्ब्लायोपसला नसतात. म्हणजे ट्रायपॉचेन. डोक्यावर मधोमध उभा कंगोराही होता.

याच्या एका जवळच्या नातेवाइकालाही असेच खिसे असतात, म्हणून पुन्हा पोटाकडे आलो. त्याच्या पेल्याची मागची कड खाचेची असते, माझ्याकडच्याची अखंड होती. मोबाईलचा टॉर्च ताटलीच्या कडेने मारला की ती कड स्वच्छ दिसते. एवढं झाल्यावर नाव सांगायला हरकत नाही: ट्रायपॉचेन व्हजायना. ब्लॉख आणि श्नायडर यांनी 1801 मध्येच याचं वर्णन छापलं आहे. दोन शतकं शास्त्रात नाव आहे, आणि महीच्या काठावर कचरो.

जाता जाता एक. कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा आठवतो? शाळेच्या सहलीत त्याच्या फासळ्या मोजायची आपली पैज लागायची. तोसुद्धा महीच्याच मुखाशी 1944 मध्ये लागलेला. त्याला बघायला अजून रांग लागते. माझ्या माशाला काचेत जागा कोण देणार! सध्या बाटली माझ्या टेबलावर आहे, आई तिच्याकडे बघत नाही.

आता तुझ्याकडे काम. तुमच्याकडे डोल जाळ्याचा माल उतरला की बायका निवडायला बसतात. त्या जे बाजूला फेकतात त्यात लाल काडीसारखं काही दिसलं तर उचल. तीन तऱ्हेचे फोटो हवेत: एक बाजूने, शेजारी पट्टी ठेवून, एक पोटाकडून, पर उघडे असताना, आणि डोक्याचे जवळून, दोन्ही बाजूंनी. वरून काढलेला फोटो पाठवू नकोस, त्यावरून मी काही सांगणार नाही. हनुवटी आठवणीने बघ. तुमच्या खाडीत मिशावाले निघतील असा माझा अंदाज आहे, तो खोटा ठरला तरी चालेल, पण मासा उलटा केल्याशिवाय मला नाव कळवायचं नाही.

वहिनींना नमस्कार. सुके बोंबील पाठवलेस तर पार्सलवर "पुस्तके" असं लिही.

तुझा,
नाना